कॅन भरला की फोन करा

माझी बायको पंकजा गेल्याचं मला बेलापुरात कळलं. एका हॉटेलच्या मागच्या बाजूला मी वापरलेलं तेल गाळून कॅनमध्ये ओतत होतो. मेव्हण्याचा, हर्षलचा, फोन आला. सकाळी ती डोकं दुखतंय म्हणाली होती आणि मी चहा पिऊन निघालो होतो. फोन ठेवल्यावर मी उरलेलं तेल ओतलं, झाकण लावलं आणि गाडीत बसलो. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

त्याला सात महिने झाले. लोक भेटतात आणि त्या दिवसाबद्दलच विचारतात. मला दुसरा एक दिवस सांगायचा आहे. त्या दिवशी मी काष्टीच्या बाजारात घसरून पडलो होतो.

मी नुकताच या कामाला लागलो होतो. हॉटेलं आणि भज्यांच्या गाड्यांवरचं जळकं तेल गोळा करायचं आणि कंपनीला पोचवायचं. कंपनी त्याचं बायोडिझेल करते. शनिवारी काष्टीला जनावरांचा बाजार भरतो, त्याच्या कडेला भज्यांची पालं लागतात. एका पालाच्या मागून जाताना माझा पाय सटकला आणि मी काळ्या चिखलात सरळ बसलोच.

पालातून एक मुलगी बाहेर आली. हातात झारा, ओढणी कमरेला खोचलेली, नाकावर बेसनाचा ठिपका. आधी ती हसली. मग तोंडावर हात ठेवला... आणि हाताआडून परत हसली.

"लागलं का हो?"

"नाही... वापरलेलं तेल तुम्ही कुठं टाकता, एवढंच विचारायला आलो होतो."

"तुमी बसलाय तिथंच."

आतून तिच्या आईचा, केशरबाईंचा, आवाज आला, "पंकजे, कोन हाय गं?"

"गिऱ्हाईक न्हाई आई. तेलात पडलंय एक जन."

मी उठलो. तिने अंग पुसायला गोणपाट दिलं. मी विचारलं, "सगळंच इथं ओतता?"

"न्हाई. निम्मं गहिनीनाथमामा नेत्यात. म्हशी विकायला आनत्यात ना, त्यांची शिंगं चमकवायला. लई उठून दिसती म्हैस."

"आणि उरलेलं?"

"उरलेल्यात तुमच्यासारखे पावने पडत्यात."

मी तिला सांगितलं, हे तेल जमिनीत मुरलं की जमीन गुदमरते. गटारात ओतलं की थिजून गटार तुंबतं. आणि काही लोक हेच काळं तेल स्वस्तात घेऊन त्यात परत तळतात, ते माणसांच्या पोटात जातं.

"आमी न्हाई कुनाला खायला देत," ती पटकन म्हणाली. मग तिने पालामागच्या जमिनीकडे पाहिलं. सगळीकडे गवत होतं, तेवढ्या जागेत काडीही नव्हती. "जमिनीचं मातर... ध्यानातच न्हाई आलं."

मी गाडीतून निळा कॅन आणून दिला. प्लास्टिकचा, पस्तीस लिटरचा. "तेल गार झाल्यावर फडक्यातून गाळून यात भरायचं. कॅन भरला की फोन करा, मी येईन."

"आन न्हाई भरला तर?"

"तर नाही येता येणार. गाडी कंपनीची आहे."

"आसं व्हय..." ती म्हणाली, आणि रिकाम्या कॅनमध्ये वाकून बघत राहिली.

परतीच्या रस्त्यावर मी हिशेब केला. एका पालाच्या तेलाने कॅन भरायला दीड महिना तरी लागणार. दीड महिना तिचं तोंड दिसणार नव्हतं. तोपर्यंत तिचं दुसरीकडे ठरलं तर? एवढा विचार मी तेलाबद्दल कधी केला नव्हता.

पुढच्याच शनिवारी फोन आला. गेलो, तर कॅन एका कुशीवर कलला होता.

"भरला न्हाई. बसलाय," ती म्हणाली. तिने तेल गरमच ओतलं होतं.

"गार झाल्यावर म्हणालो होतो."

"म्हनला व्हता. पन माझ्या ध्यानात तुमचं पडनंच राहिलं."

नवा कॅन दिला. तो आठवड्यात भरला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही भरला. असे चार शनिवार झाले. मला शंका यायला हवी होती, पण मी इस्त्रीचा शर्ट घालून जात होतो आणि बाकी काही बघत नव्हतो. शर्ट केशरबाईंनी पाहिला.

"तेलाच्या कामाला इस्त्री?" त्या भज्यांचं पीठ कालवत म्हणाल्या. "कंपनी मोठी दिसती."

पाचव्या शनिवारी भुरभुर पाऊस होता. तेलात पाणी गेलं का बघायला मी झाकण उघडलं, वास घेतला आणि चमकलो.

"पंकजा... यात मासे तळलेत?"

"हळू बोला!" तिने माझी बाही ओढली. "आई माळकरी हाय!"

"मग हे तेल कुणाचं?"

ती खाली बघत कॅनचं झाकण हातात फिरवायला लागली. पावसाचे थेंब तिच्या केसांवर बसले होते, तिने पुसले नाहीत.

"पलीकडं साळूबाई मासे तळती, तिचं. शेवेवाल्या छगनदादाचं. आन वड्याच्या दोन गाड्यांचं."

"तुम्ही कशाला वाहून आणलं? मीच गेलो असतो त्यांच्याकडे."

"तुमाला काही कळत न्हाई का हो?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आमच्या एकट्या तेलानं कॅन भरायला दीड महिना लागतोय. दीड महिना... लई व्हतो."

मी तिच्या हातातलं झाकण घेऊन कॅनला लावलं.

"मलाही लई होतो," मी म्हणालो.

"पंकजे," आतून केशरबाई ओरडल्या, "कसला वास येतोय गं?"

"कसलाच न्हाई!" आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

मग मी हळूच विचारलं, "पुढच्या शनिवारी माझ्या आईला घेऊन येऊ?"

"कॅन भरायच्या आधीच?"

"आता कॅनचं राहू द्या."

"राहू कसं द्या? आईलाबी आना आन कॅनबी न्या. मी आख्ख्या बाजाराला सांगून बसलीय."

दिवाळीनंतर आमचं लग्न झालं. गहिनीनाथमामा तेल बंद झालं म्हणून रुसले होते. पंकजाने त्यांना म्हशींसाठी खोबरेल तेलाचा मोठा डबा दिला, तेव्हा ते जेवायला बसले.

ती माझ्या घरी, सावेडीत, राहायला आली. पहिल्याच दिवाळीत शेजारच्या दिपालीवहिनी चकलीचं उरलेलं तेल मोरीत ओतायला निघाल्या. ही कॅन घेऊन त्यांच्या दारात उभी.

"वहिनी, ते हिकडं."

तिथून ती थांबलीच नाही. एकेका इमारतीत जाऊन, चहा पिऊन, बायकांशी गप्पा मारून जिन्याखाली कॅन ठेवायची आणि एकीला त्यावर लक्ष ठेवायला सांगायची. मी तिला तेलवाली म्हणून चिडवायचो. ती म्हणायची, "मग? तेलानंच तर मिळालाय तुमी."

आमच्या गल्लीत नऊ इमारती आहेत. सहांमध्ये तिने कॅन ठेवले. तिथून अजूनही फोन येतात, कॅन भरला म्हणून, आणि मी जातो. उरलेल्या तीन इमारतींत अजून कोणी गेलेलं नाही.