इनॉकची एस्पेरिया

सोमवारी सकाळी हेस्टरने अर्धा बटाटा घेऊन स्वयंपाकघरातलं चित्र घासून पुसलं. लिव्हरपूलची काजळी कशालाच सोडत नाही, आणि तिची रांगती लेक मेबल हाताला लागेल ते तोंडात घालायची.

चित्र सासऱ्यांचं होतं. इनॉक रिमर धक्क्यावर बसून कप्तानांना त्यांची जहाजं रंगवून देत. घरात मात्र एकच जहाज होतं, अमेरिकेला ये-जा करणारी ‘एस्पेरिया’. तिची शिडं काढली, तेव्हा त्यांनी कॅनव्हासवरचीही खरवडली. मालक बदलला, तेव्हा काळं धुराडं लाल केलं. तिची बावीस वर्षांची चाकरी त्या एका चौकटीत होती. आणि गेली तीन वर्षं हेस्टरचा नवरा विल्फ तिच्यावर वाढपी होता.

मंगळवारी जहाज यायचं होतं, आलं नाही. चित्रात धुराड्यावरचा धूर दिसेना. बुधवारी डोलकाठ्या गेल्या. गुरुवारी चौकटीत नुसता समुद्र उरला, जणू तिथे दुसरं काही कधी रंगवलंच नव्हतं.

“बाबा, मी पुसली हो तिला! विल्फसकट पुसली!”

“बटाट्याने काजळी जाते पोरी, साडेचार हजार टनांचं जहाज नाही जात. शाळेत हेच शिकवलं का तुला?” इनॉक हसले. पण चष्मा दोनदा पुसून त्यांनी लाटांवरून अंगठा फिरवून पाहिला.

“पुन्हा काढा. आणि विल्फलाही काढा.”

“माणूस? अगं, कप्तान चित्रातले दोर मोजतात, माणसं नाही. चाळीस वर्षांत डेकवर मी एक मांजरसुद्धा काढलं नाही.”

“मग आज काढा.”

त्यांनी जहाज काढलं. नेहमीसारखंच, एका बाजूने. दोर न दोर बरोबर. कठड्याशी विल्फ उभा, तोही बाजूनेच, एकच गाल दिसेल असा. “नाक आईवर गेलंय लेकाचं,” म्हणत त्यांनी कुंचला पुसला.

तासाभरात शेजारीण दारातून ओरडली, “एस्पेरिया धक्क्याला लागली गं!”

विल्फ मेबलसाठी खिसाभर गोळ्या घेऊन आला. “तीन दिवस नुसतं धुकं! आपण कुठे आहोत, ते कप्तानालाही ठाऊक नव्हतं. बाबा, तुम्हीच यायला हवं होतं वाट दाखवायला!” त्याने मटणाचा रस्सा दोनदा मागून घेतला. इनॉक तर हसून हसून खोकायला लागले.

हेस्टरला पिसासारखं हलकं वाटत होतं. तिने विल्फच्या गालाचा मुका घेतला आणि दुसऱ्या गालाचा घ्यायला टेबलाला वळसा घालून गेली. समोर तोच गाल होता. ती परत फिरून आली. तोच गाल, तेच नाक.

“काय गं, पायाला भिंगरी लागलीय का?” तो हसला.

पलीकडच्या गुडघ्यावर मेबल बसली होती. ती मान वर करून त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती, आणि तिचं खिदळणं थांबलं होतं.