सातवी तक्रार

पहिल्यांदा लॅपटॉप खरोखर बिघडला होता, एवढं ज्योत्स्नाच्या बाजूने आधीच सांगून टाकते. पुढचं मात्र... तिचं तिनेच केलं, बाई!

जालना एमआयडीसीतली बियाण्यांची कंपनी. मे महिना, खरिपाची घाई. बदनापूरहून रोज येणारी ज्योत्स्ना कपाशीच्या उगवणीचे अहवाल भरत होती आणि दर दहा मिनिटांनी वायफाय गुल! वैतागून तिने मोबाइलवरून ऑफिसच्या ॲपवर तक्रार लिहिली. तासाभरात वाटूरचा धर्मराज हजर. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या ठेकेदाराचा माणूस, हेल्मेटने चपटे झालेले केस, डोळे मात्र हसरे.

"कधीपासून तुटून राह्यलं, मॅडम?"

"सकाळपासून. तुमचं नेटवर्कच भंगार आहे."

"नेटवर्क बराबर आहे. लॅपटॉप कंजूष आहे तुमचा. बॅटरी वाचवायला वायफायलाच झोपवतो. ही इथली खूण काढली, की झालं... माउस देता का?"

माउस अजून तिच्याच मुठीत होता. तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि कानापर्यंत लाल झाली.

लॅपटॉप सुधारला, पण ज्योत्स्नाचं कामात लक्ष लागेना. चार दिवसांनी तिने स्वतःच वायफाय बंद केलं आणि नवी तक्रार टाकली. तो आला. पुन्हा टाकली, पुन्हा आला. माठातलं पाणी प्यायचा, खुर्ची ओढून बसायचा आणि जाताना ॲपवर लिहायचा – सेटिंग दुरुस्त केली.

"लॅपटॉपाला तुमच्या माझा लळा लागून राह्यला, मॅडम."

"लॅपटॉपालाच?" ती पडद्याकडे बघत म्हणाली.

तो नुसता हसला. त्या हसण्यावर तिने चार दिवस काढले!

सातव्या तक्रारीला मात्र त्याच्यासोबत मॅनेजर काकासाहेबही आले. हातात छापील यादी.

"एका लॅपटॉपच्या महिन्यात सात तक्रारी! ह्याला काम येत न्हाई, असं मी ठेकेदाराला कळवून राह्यलो. ज्योत्स्ना मॅडम, तुम्हीच सांगा, बिघाड गेला का?"

सगळ्यांनी माना वर केल्या. 'सर, मीच बंद करत होते.' एवढंच तर बोलायचं होतं. पण शेजारची प्रीती फिदीफिदी हसेल, गोष्ट संध्याकाळच्या आत घरी पोचेल, बाबा नोकरी सोडायला लावतील... धर्मराज तिच्याकडे बघत होता. तिच्या बोलण्याची वाट बघत होता.

"न्हाई गेला, सर," ती म्हणाली.

करंटी! दुसरं काय म्हणायचं?

तो बॅग उचलून निघाला. ती गेटपर्यंत पळत गेली, तेव्हा तो गाडीला चावी लावत होता.

"धर्मराज... तो बिघाड..."

"माहीत आहे मला. दुसऱ्याच वेळी कळलं. वायफाय कोणी बंद केलं, त्याची नोंद लॅपटॉपात राहते."

"मंग बोलला का न्हाईत?"

"बोललो असतो, तर परत बोलावलं असतं का तुम्ही?"

तिचे डोळे भरून आले. "मी आत्ता जाऊन सांगते सगळ्यांना. मला तुम्ही... आवडता हो."

"मलाही तुम्ही आवडत होत्या. आज आईला सांगून आल्तो तुमचं." त्याने हेल्मेट हातात घेतलं. "तुमच्यासाठी पाच वेळा खोटं लिहिलं मी, मॅडम. तुम्हाला एकदा खरं बोलता आलं न्हाई."

गाडी वळली. ती तशीच आत गेली आणि सगळ्यांदेखत काकासाहेबांना खरं काय ते सांगितलं. प्रीती हसली नाही. काकासाहेब मात्र म्हणाले, "आता काय उपयोग? उद्यापासून दुसरा माणूस येऊन राह्यला." तिने त्याला फोन लावले, खूप लावले. त्याने एकही उचलला नाही.

जूनमध्ये लॅपटॉप अपडेट झाला आणि वायफाय पुन्हा तुटायला लागलं. खरोखर! ज्योत्स्नाने तक्रारीचं ॲप उघडलं... आणि मिटलं. मग त्याने दाखवलं होतं तसं सेटिंगमध्ये जाऊन तिने ती खूण काढली. वायफाय लगेच जोडलं गेलं. कोणाला बोलवायची गरजच उरली नव्हती, आणि ती माउस मुठीत धरून रडत बसली.