जुन्या मॉनिटरवरचा डाग

हेरंबराव गुप्त्यांचा मॉनिटर मंगळवारी सकाळी चहाच्या वेळेला गेला. आधी फडफडला, मग आडव्या रेघा आल्या, मग काळा. त्यांनी केबल काढून लावली, दुसऱ्या प्लगात घालून पाहिली. कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस, झोपलेला पडदा आणि मेलेला पडदा यांतला फरक त्यांना कुणी सांगायला नको होता. हा मेला होता.

एरवी त्यांनी आठवडाभर चौकश्या केल्या असत्या. पण बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये प्रेमलाताई अकरा महिने अंथरुणाला खिळून होत्या. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. हाक मारता येत नाही म्हणून आतल्या खोलीत कपाटावर कॅमेरा बसवला होता. बाहेरच्या खोलीत एका कंपनीची ड्रॉइंग्ज तपासता तपासता हेरंबराव पडद्यावरून बायकोवर लक्ष ठेवत. मोबाइलवरही दिसायचं, पण तेवढ्याशा चित्रात माणूस कुठलं आणि उशी कुठली, हेच त्यांच्या डोळ्यांना कळत नसे. झटका आला त्या दुपारी ते अलकापुरीत मित्रांबरोबर गप्पा छाटत बसले होते आणि प्रेमलाताई दीड तास स्वयंपाकघरातल्या फरशीवर पडून होत्या. पुन्हा हिच्याजवळून हलणार नाही, असं त्यांनी त्या दिवशी इस्पितळाच्या जिन्यात स्वतःला बजावलं होतं. दीड तासाची ती बोच अजून गेली नव्हती.

मनालीने पुण्याहून फोनवर सांगितलं, "बाबा, नवाच घ्या, मी ऑनलाइन मागवते." पण औषधांच्या खर्चामुळे हात आखडलेला, आणि लेकीकडून घ्यायचं जिवावर आलेलं. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या अवनीला थोडा वेळ थांबवून ते रिक्षाने गोविंदभाईंच्या दुकानी गेले. तिथे जुने मॉनिटर विकायला असत.

"काका, आ लई जाओ," गोविंदभाईंनी एक चोवीस इंची पुढे सरकवला. "आटला भावमां आवडुं मोटुं क्यांय नहीं मळे."

एवढ्या भावात एवढा मोठा दुसरीकडे मिळाला नसता, पण हेरंबराव दुधाने तोंड पोळलेले. त्यांनी पडदा पूर्ण पांढरा करून पाहिला, मग काळा, मग लाल. एकही ठिपका मेलेला नव्हता. शेवटी राखाडी केला, तेव्हा मधोमध पुसट सावल्या दिसल्या.

"डाग आहे की हो."

"ए तो कॅमेरा जोवामां चाल्युं हशे, काका. वर्सो सुधी एक ज चित्र."

बरीच वर्षं एकाच कॅमेऱ्याचं चित्र दाखवलेला पडदा, यात नवल काहीच नव्हतं. कंट्रोल रूममधले जुने पडदेही असेच डागाळत. जे हलतं ते उमटत नाही, वर्षानुवर्षं हलत नाही तेच उमटतं. थोडी घासाघीस करून हेरंबरावांनी तो घेतला.

घरी कॅमेरा जोडला आणि मॉनिटर झकास चालला. प्रेमलाताईंच्या पांघरुणावरची फुलंसुद्धा मोजता येत होती. संध्याकाळी थोडा वेळ कॅमेरा बंद पडला आणि पडदा नुसता राखाडी झाला, तेव्हा त्यांना डाग नीट दिसला. डावीकडे खिडकी. खाली कॉट. कॉटवर कुणी नाही. कॉटशेजारी एक स्टूल आणि त्यावर पाठीत वाकून बसलेला माणूस.

कॅमेरा सुरू झाला. डागातली खिडकी खोलीतल्या खिडकीवर बसली. कॉट कॉटवर बसली.

खोल्या सारख्याच असतात, हेरंबराव स्वतःशी म्हणाले. बडोद्यात अशा हजार खोल्या असतील. शिवाय आपल्याकडे स्टूल नाही. कॉट रिकामी दिसते, कारण आजारी माणूस कूस बदलतं, हलतं, म्हणून उमटत नाही. हिशेब बरोबर होता. फक्त तो बसलेला माणूस त्यात बसत नव्हता. इतकी वर्षं जराही न हलता कोण बसतं?

बुधवारी चार वाजता अवनी आली. तिच्याजवळ घराची किल्ली होती, ती स्वतःच दार उघडून येई. आज तिच्या हातात लाकडी स्टूल होतं.

"काका, उभं राहून माझी कंबर जाते ने, म्हणून घरचं आणलं." तिने ते कॉटशेजारी ठेवलं. बाहेर येऊन हात पुसताना तिची नजर पडद्यावर गेली. "अरे, इथे कुणी बसलंय का, काका?"

"डाग आहे. जुना आहे ना मॉनिटर."

ती गेल्यावर त्यांनी स्टूल उचलून आतल्या खोलीच्या गॅलरीत ठेवलं आणि गोविंदभाईंना फोन लावला. उद्या बदलून द्यायला ते तयार होते. "काले लई आवजो ने, काका." हेरंबरावांचा जीव भांड्यात पडला. गुरुवारी अवनी चारला येणार, तिला थांबवायचं आणि जायचं. तोवर एकच सकाळ आणि एकच दुपार काढायची होती.

गुरुवारी ऊन रणरणत होतं. सव्वातीनला ड्रॉइंगवरून नजर वर गेली. पडद्यावर पंखा फिरत होता, खिडकीचे पडदे हलत होते, आणि कॉट रिकामी होती. चादर ताठ, एक सुरकुती नाही.

खुर्ची पाडून ते आत धावले.

प्रेमलाताई कॉटवरच होत्या. छाती वरखाली होत होती. डोळे उघडून त्यांच्याकडे बघत होत्या.

पॅनेल खोटं बोलेल, जागेवर जाऊन डोळ्यांनी बघ. नोकरीत पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. त्यांनी डोळ्यांनी बघितलं. हात धरून बघितला. ऊबदार होता. पण बाहेरच्या पडद्यावर ती नव्हती. हात सोडला तर इथेही नसेल, असं त्यांच्या मनाने घेतलं.

एका हाताने तिचा हात धरूनच त्यांनी कॉटला लागूनच असलेल्या गॅलरीच्या दारातून चाचपडत जे हाताला लागलं ते ओढलं आणि टेकले.

स्टूल होतं.

उठायला हवं, हे त्यांना कळलं. पण उठायचं म्हणजे हात सोडायचा. एकदा उठून गेलो होतो, दीड तास.

ते उठले नाहीत. पाठीत वाकून, तिचा हात दोन्ही हातांत धरून बसून राहिले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. खिडकीतलं ऊन कॉटवरून खाली उतरलं. मग त्यांच्या मुठीत काहीतरी वळवळलं. प्रेमलाताईंची उजव्या हाताची बोटं. अकरा महिन्यांनी.

हेरंबरावांना ओरडावंसं वाटलं. जीभ हलली नाही.

प्रेमलाताईंनी हळूच हात सोडवून घेतला आणि आपण होऊन कूस बदलली, भिंतीकडे. हेरंबरावांची बोटं होती तशीच वळलेली राहिली.

बाहेर किल्ली फिरली. चपला निघाल्या.

"काकू, आले हं मी," अवनीची हाक आली. "आणि काका कुठे गेले? खुर्ची पडलीय इथे."

ती पडद्यापाशी थांबली असावी.

"अगोबाई, काकू, तुम्ही कूस बदललीत!" आणि मग, जरा थांबून, "आणि हा बसलेल्या माणसाचा डाग बघा ने, काल केवढा पुसट होता."