झाड कललं!

"चष्मिश, सरळ बस! पडशील ना गाडीतून!" ताई ओरडली.

पण तिच्या मामेभावाचं लक्ष कुठे होतं! सुट्टीत मामाने सगळ्यांना नाताळची रोषणाई बघायला शहरातल्या मोठ्या चौकात आणलं होतं. छोटी आगगाडी चौकात फेऱ्या मारत होती आणि चष्मिश मान वाकडी करून मधल्या झाडाकडे बघत होता. तीन मजली उंच झाड! शेंड्यावर छत्रीएवढा तारा!

"ताई, तारा सरकलाय."

"आधी चष्मा पूस!"

"पुसला! मघाशी या वळणावरून ताऱ्यामागे मनोऱ्याचं घड्याळ झाकलं जात होतं. आता बघ, अख्खं दिसतंय!"

ताईने पाहिलं. खरंच की! वारा वाढला होता. गाण्यांच्या गोंगाटातही कुठेतरी करकर ऐकू येत होती.

गाडी थांबताच दोघं धावली. झाडाला चार बाजूंनी लोखंडी दोर होते. तीन जमिनीतल्या कड्यांना अडकवलेले. चौथा मात्र तिकीटविक्रीच्या लाकडी खोक्याला बांधला होता, आणि वाऱ्याच्या झोताबरोबर ते खोकं झाडाकडे ओढलं जात होतं!

झाडाच्या पलीकडच्या अंगाला, नेमकी ज्या बाजूला ते कलत होतं तिथेच, गाणाऱ्या मुलांच्या रांगा उभ्या होत्या. पहिल्या रांगेत ताईची धाकटी बहीण टिल्लू! महिनाभर तिने गाण्याचा सराव करून घर डोक्यावर घेतलं होतं.

"दोर गाडीच्या वाटेत येत होता. मीच हलवलाय, पक्का बांधलाय!" मुलांनी दोर दाखवताच सजावटीचा सुपरवायझर खेकसला. "पळा इथून!"

मामानेही ऐकलं नाही. "अरे, मोठी माणसं आहेत ना बघायला? मला टिल्लूचा व्हिडिओ काढू दे."

खोकं पुन्हा हातभर सरकलं.

"ओरडून सांगू?" चष्मिशने विचारलं.

"नको! चेंगराचेंगरी होईल." ताईने इकडेतिकडे पाहिलं. सांताक्लॉज झालेला माणूस खुर्चीवर माइक ठेवून चहा पीत होता. तिने माइक उचलला. आवाज एकदम लाडिक!

"बालमित्रांनो! सांताच्या भेटी कारंज्यापाशी मिळतील! गाणाऱ्या मुलांचा पहिला नंबर! सावकाश या, सगळ्यांना पुरतील!"

रांगा मोडल्या. आईबाप मुलांमागे निघाले. "कसल्या भेटी? कोण बोललं?" सुपरवायझर लालबुंद होऊन ताईकडे धावला. पण तोवर झाडाखालची जागा मोकळी झाली होती.

नाही! टिल्लू तिथेच उभी होती.

"बाईंनी जागा सोडायची नाही म्हटलंय!" ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

चष्मिश सुसाट गेला. तिला काखोटीला मारून तो वळला आणि मागे खोक्याच्या फळ्या कडाड तुटल्या. झाड कोसळलं! काचा उडाल्या, चौकात काळोख झाला. भोंग्यांवरचं गाणंही बंद पडलं.

मग मुलांच्या रडण्याचे आवाज आले. पण कोणालाही साधं खरचटलंसुद्धा नव्हतं!

सुपरवायझर मटकन खाली बसला. अग्निशमन दलाचे साहेब आले, त्यांनी तुटकं खोकं पाहिलं आणि विचारलं, "माणसं कोणी हलवली?"

"आमच्या पोरांनी." मामा पुढे आला. "मला सांगायला आली होती, साहेब. मीच ऐकलं नाही."

साहेबांनी दोघांची पाठ थोपटली. "शाब्बास! आज इथली मोठी माणसं तुम्हीच होतात, म्हणून ही सगळी पोरं घरी जातायत."

मामाने टिल्लूचा हात घट्ट धरला होता.

"मामा, दुखतोय ना हात!" टिल्लू कुरकुरली.

पण मामाने घरी पोचेपर्यंत तो सोडला नाही.