भगवानरावांचं नाक

रविवारी दुपार कलली की भगवानराव स्कूटर काढायचे, आदिलाबादच्या बाजारात थांबून दोन काडेपेट्या घ्यायचे आणि मावला गावच्या रस्त्याला लागायचे. काडेपेट्या आणणं हे त्यांच्याकडचं काम. लायटर चालत नसे. लायटरच्या ग्यासचा वास पहिल्या झुरक्यात उतरतो, असं धूरमंडळाचं ठाम म्हणणं होतं.

आता हे धूरमंडळ म्हणजे काय ते आधीच सांगून टाकतो, नाही तर तुम्ही भलतंच समजाल. ही शौकीन म्हाताऱ्यांची बैठक होती, चिरूटाची चव घेणाऱ्यांची. सुरू केली अमृतरावांनी. कापसाच्या यार्डात त्यांनी प्रत ठरवायचं काम केलं होतं, आणि नाक असं की वासावरून तंबाखू कुठल्या मातीतला ते सांगावं. दुसरे मोतीराम गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, देव-भूत काही न मानणारे. तिसरे रविकांतशेठ, भैंशा गावी कापसाचं जिनिंग. जिनात काडी ओढायची सोय नाही, म्हणून मावल्याला शेतातल्या खोलीची पडवी यांनी मंडळाला दिली. आणि चौथे आपले भगवानराव, तहसील कचेरीत आयुष्य काढलेले.

रीत ठरलेली होती. कधी शेठचा दुबईचा जावई चिरूट पाठवी, कधी गुरुजी खम्ममकडचा गावठी चुट्टा आणत. वरची कागदी पट्टी आधीच काढून टाकायची, कुणाला कळू द्यायचं नाही. मग टोक कापायचं, पेटवायचं, धूर तोंडात घोळवून सोडायचा आणि चव बोलायची. पुस्तकी बोलायचं नाही. कुणी चॉकलेट-बिकलेट म्हटलं की शेठ ओरडत, "अबे, आपल्या शिवारातलं सांग!" मग कुणी म्हणे जळकी पऱ्हाटी, कुणी म्हणे मोहफूल, कुणी भाजलेली ज्वारी. आणि संपत आलेला चिरूट चिरडायचा नाही, ठेवून द्यायचा, त्याचा तो विझतो.

यात गोम अशी, की भगवानरावांना कशाचाच वास येत नव्हता.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत नाक गेलं ते गेलंच. त्याच आठवड्यात बायको, जयवंताबाईही गेल्या, त्यामुळे नाकाचं दुःख करायलाही त्या माणसाला सवड मिळाली नाही. पोरगा हैदराबादला, घरात भिंती. उरला तो रविवार. नाक नाही हे कळलं तर ही मंडळी हसून "घरी बस बावा" म्हणतील, ही धास्ती त्यांनी मनाशी घट्ट धरली होती. म्हणून ते नेहमी शेवटी बोलायचे. तिघांचं ऐकायचं, थोडं इकडचं, थोडं तिकडचं जोडायचं आणि मान डोलवायची. चोरी होती, पण पोट भरायची नव्हती, जीव रमवायची होती.

मागच्या दिवाळीनंतर अमृतराव गेले. पडवीत त्यांची वेताची खुर्ची भगवानरावांच्या डाव्या हाताला होती. तिच्यावर कुणी बसलं नाही आणि ती कुणी उचललीही नाही. उन्हाळ्यात एका रविवारी गुरुजी म्हणाले, "आजपासून पाळी बदलू. शेवटी बोलणारं पोट्टं नेहमी पुढच्याच्या पाटीवर पाहून लिहिते, हे मी तीस वर्सं पाह्यलं. भगवान, आज तू पह्यले सांग."

भगवानरावांच्या तोंडचं पाणीच पळालं. धूर तोंडात घेतला. कोमट हवा, बास, दुसरं काही नाही. शेठ बघताहेत, गुरुजी बघताहेत. झालं, आज पितळ उघडं पडणार, असं मनात येतंय तोच डाव्या कानाशी कुणीतरी अगदी हळू बोललं.

"सरकी... भिजलेली सरकी. अन् मांगून गुळाची काकवी..."

भगवानराव तसंच बोलून गेले. शेठनी मांडीवर थाप मारली. "वा रे पट्ठे! हेच माह्या जिभेवर होतं, नाव सापडून नोहतं राह्यलं!"

घरी जाईपर्यंत भगवानरावांच्या डोक्यात तेच चाललं होतं. आवाज ओळखीचा नव्हता म्हणावं, तर कुजबुजीला कुठं कुणाचा आवाज असतो? पण खुर्ची अमृतरावांची होती. यारी जुनी होती. मेल्यावरही मित्राची लाज राखायला आला, दुसरं कोण येणार? त्या रात्री भगवानराव घाबरले कमी आणि रडले जास्त.

पुढे ते दर रविवारी घडू लागलं. धूर तोंडात घेतला की डावीकडून कुजबूज यायची, आणि ती कधी चुकायची नाही. "अमृतरावाचं नाक तुह्यावर चढलं का काय बे?" असं शेठ चिडवायचे, आणि भगवानराव गालातल्या गालात हसायचे. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपण कुणाच्या तरी पंगतीत बसलो आहोत असं वाटत होतं.

मार्गशीर्षातला रविवार आला. आमच्याकडची थंडी तुम्हाला ठाऊक नसेल, संध्याकाळीच हाडात शिरते. सूर्य पडवीसमोरच्या तळ्यापलीकडे टेकला होता. वारा पडलेला. चिरूटाचा धूर वर जाईना, पडवीतच गुडघ्याइतक्या उंचीवर घुटमळत राहिला. मोतीराम गुरुजींनी पहिला झुरका घेतला, डोळे मिटले. शेठ दुसरी काडी ओढत होते.

"चव राहू दे..." डावीकडून आवाज आला. आज तो फार जवळून आला, कानाची पाळी थंड पडली. "मोतीरामच्या धुरात माती हाय... ओली. आत्ता खनलेल्या खड्ड्याची..."

भगवानरावांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"याले आत्ताच ने... दिवा लागाच्या आत..."

"काय भगवान, बोल ना!" गुरुजी म्हणाले. "आज नाक सर्दीनं बंद हाय का?"

भगवानरावांनी गुरुजींकडे पाहिलं. चेहरा हसरा होता, पण ओठावर घाम होता. असल्या थंडीत घाम! डावा हात ते उजव्या हातानं सारखा चोळत होते.

"गुरुजी, तुमाले काही होऊन राह्यलं का?"

"काही नाही रे. दुपारी वांग्याचं भरीत जास्त झालं, छातीत जळजळते."

"चाला, दवाखान्यात जाऊ."

दोघं हसले. शेठ म्हणाले, "भरतासाठी दवाखाना? तुले काऊन एवढी घाई?"

आता काय सांगावं? लक्षण दिसतं म्हणावं तर गुरुजी हट्टी, ओवा खाऊन घरी झोपणारे. खरं सांगावं तर चार वर्षांची सगळी चोरी चव्हाट्यावर. हा रविवार गेला तर पुढं उरतं काय? त्या भिंती. भगवानरावांनी एक झुरका उगाच घेतला, आणि तेवढ्या वेळात, खोटं कशाला बोलू, त्यांच्या मनात गप्प बसायचा विचारही येऊन गेला.

"दिवा लागून राह्यला..." आवाज म्हणाला.

तळ्यापलीकडच्या वस्तीत खरंच एक दिवा लागला होता.

भगवानरावांनी चिरूट खाली ठेवला. "मले वास येत नाही," ते म्हणाले. "करोनापासून. काहीच येत नाही. आधी तुमचं ऐकून बोलत होतो. आता... आता अमृतराव सांगते. या खुर्चीतून. तोच म्हनून राह्यला का मोतीरामले घेऊन जा."

शेठनी एक काडी ओढून विझवली आणि धुरासकट त्यांच्या नाकाखाली धरली. भगवानरावांनी लांब श्वास घेतला, ठसका लागला, पण मान नकारार्थी हलली. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं, आणि ते धुराचं नव्हतं.

मोतीराम गुरुजींनी त्यांच्याकडे एकवार पाहिलं. मग हळूच उठले. "मेलेला मानूस बोलत नसते, भगवान. हे मी मरेपर्यंत म्हनीन. पन जितेपनी आपली इज्जत अशी कोनी फेकत नाही. शेठ, गाडी काढा."

गाडीकडे निघताना भगवानराव मागे राहिले. वेताच्या खुर्चीवर त्यांनी हात ठेवला. खुर्ची उबदार होती. आत्ता कुणी उठून गेल्यासारखी. "उपकार झाले, अमृत," ते पुटपुटले आणि धावत गाडीत बसले.

दवाखान्याच्या दारातच गुरुजी कोसळले. पण दार दवाखान्याचं होतं, म्हणून वाचले. पुढं त्यांना हैदराबादला नेलं, नस मोकळी केली, आणि पंधरवड्यानं ते घरी येऊन बायकोच्या, पंचफुलाबाईंच्या हातची पेज नाक मुरडत पिऊ लागले. भगवानराव खाली मान घालून भेटायला गेले, तर गुरुजींनी त्यांचा कान धरला, वर्गातल्या पोराचा धरावा तसा. "आता मले चिरूट बंद, तुले नाक बंद. आपन दोघं नुस्तं बसू. पन रविवारी आला नाही तर टंगडं मोडीन!"

केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू! कुजबूज त्या संध्याकाळपासून बंद झाली होती, आणि आता तिची गरजही नव्हती.

एकच गोष्ट राहिली होती. अमृतरावांच्या घरी जाऊन हे सांगायचं. माणूस गेला तरी त्यानं एक जीव वाचवला, हे त्यांच्या बायकोच्या, गयाबाईंच्या कानावर घालायलाच हवं, असं भगवानरावांना मनापासून वाटत होतं. सकाळची वेळ होती. गयाबाई अंगणात तूर वाळत घालत होत्या. "या भाऊजी," म्हणून त्यांनी बाज टाकली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.

त्या कप घेऊन बाहेर आल्या, आणि भगवानराव ताडकन उठून उभे राहिले.

"वैनी... आलं घातलं का चहात?"

"हो. काऊन? चालत नाही का?"

"वास आला!" त्यांचा आवाज फाटला. "वैनी, वास आला मले! आल्याचा! हा पाहा... अन् ही तूर... अन् तुमचं सारवन... देवा रे देवा!" ते लहान पोरासारखे हसत होते, कपावर वाकून पुन्हा पुन्हा श्वास घेत होते. "चार वर्सं, वैनी! आता घरी जातो अन् पह्यले हिचं कपाट उघडतो. चार वर्सं उघडलं नाही. म्हटलं, नाकच नाही तर काय उपयोग. तिच्या लुगड्याले वास असनच ना हो अजून?"

मग हसत-रडत त्यांनी सगळं सांगितलं. नाक कसं गेलं, खुर्चीतून अमृतराव कसे सांगायचे, मोतीराम कसे वाचले, खुर्ची कशी उबदार लागली. "मेल्यावर बी अमृतनं मैतरी निभावली," ते म्हणाले.

गयाबाईंनी कप त्यांच्या हातात दिला होता. हाताला लागलेली तुरीची धूळ त्या पदराला पुसत होत्या, पुसून झालं तरी पुसतच होत्या.

"ते नसन भाऊजी," त्या हळू म्हणाल्या.

"कोन नसन?"

"हे. यायले कुठं नाक होतं? यार्डातल्या धुळीनं कधीचंच गेलं होतं. फक्त मले ठाऊक होतं. तुमाले सांगाची लाज वाटे यायले."

"मग ते चव..."

"यायले बी कोनी तरी सांगे. डाव्या कानात. भला मानूस हाय म्हनत, कधी चुकत नाही."

अंगणात उन्हं चांगली वर आली होती. भगवानरावांच्या हातातल्या कपातून वाफ निघत होती आणि आल्याचा वास दरवळत होता, स्वच्छ, गोड, चार वर्षं उपाशी राहिलेला माणूस डोळे मिटून घेईल असा.

"मग वैनी... शेवटपर्यंत सांगे का तो?"

"नाही. शेवटी बंद झालं." गयाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "यायचं नाकच परत आलं होतं ना. लई खूश झाले होते. घरभर फिरून एक एक डबा उघडून वास घेत होते... अगदी तुमच्यावानी."

"परत आलं होतं? कधी?"

गयाबाईंची नजर ओसरीतल्या, अमृतरावांच्या हार घातलेल्या फोटोकडे गेली. त्या पुढं झाल्या, भगवानरावांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना सावकाश बाजेवर बसवलं, आणि स्वतःच्या भावाला म्हणावं तशा मायेनं म्हणाल्या,

"तुमी घरी जा भाऊजी. आजच्या आज कपाट उघडा."