श्री की कै.

माणिकराव लेकीच्या लग्नाची पत्रिका छापायला आले, एवढीच साधी गोष्ट होती. आखाडा बाळापूरच्या स्टँडामागं भागवतचं डीटीपीचं दुकान. साल दोन हजार तीन, एप्रिलची दुपार. ऊन आत येऊ नये म्हणून शटर अर्धं ओढलेलं, आत गरम धुळीचा आणि शाईचा वास, उजेड काय तो पडद्याचा. सोबत माणिकरावांची आई आशाबाई होती. कपाळावर ठसठशीत कुंकू.

भागवतला आपल्या मशीनचा भलता गर्व. सतराशे मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला त्याने एकवीसशेवर पळायला लावलं होतं.

"बसचा आकडा शंभराचा एकशे चोवीस केला मी," तो म्हणाला.

"कोणची बस? हिंगोलीची?" माणिकराव म्हणाले. "तिला पळवा की जरा."

"मशीनच्या आतली हो. ती वाढवली की प्रोसेसर जोरात पळतो."

नवरी साधना, नवरदेव, मुहूर्त, सगळं झरझर टाइप झालं. मग आलं नवरीच्या आजोबांचं नाव. ग्यानबा.

"श्री की कै.?" भागवतने विचारलं.

पत्रिकेत बोडकं नाव छापत नाहीत. माणूस एक तर श्री. असतो, नाहीतर कैलासवासी. आणि ग्यानबा नऊ वर्षांपूर्वी बैलजोडी बघायला म्हणून जवळा बाजारला गेले, ते परतलेच नव्हते.

"कै. लिवा," माणिकराव खाली बघत म्हणाले. "सोयरे इचारून राहिले. एकदा छापून आलं की ठरलं. मग आईलाबी कुंकू..."

वाक्य तिथंच राहिलं. आशाबाईंनी पदर पुढं ओढून कपाळ झाकलं.

भागवतने नावाआधी क काढला, दोन मात्रा दिल्या, टिंब दिलं. पडदा थिजला. बाण हलेना. पंखा तेवढा घरघरत राहिला.

"वेग सोसेना झाला," भागवत हसून म्हणाला. मशीन पुन्हा चालू केलं, आकडा एकशे सोळावर आणला. कै. लिहिलं. थिजलं. एकशे आठ. थिजलं. अखेर नाक मुठीत धरून शंभरावर आला, म्हणजे कंपनीने दिला तसा. तरी थिजलं.

आता लग्न बारा दिवसांवर आलेलं आणि पत्रिकेचा बटरपेपर, म्हणजे छपाईची मूळ प्रत, संध्याकाळपर्यंत छापखान्यात पोचायचा होता. भागवतने मशीनचा डबा उघडला. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. टेबलफॅन आणून सरळ मशीनच्या पोटात सोडला. रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या, एकेक लावून पाहिली. दुसरा पॉवर सप्लाय जोडला. दर वेळी सगळी पत्रिका सुरळीत, आणि ग्यानबांच्या दारात जाऊन मशीन गार.

"तकलीफ अक्षराची असंल," तो पुटपुटला आणि त्याने 'कैरी' लिहिलं. लिहून झालं. 'कैलास' लिहिलं. झालं. मग, हसू नका, त्याने 'कै. भागवत' लिहून पाहिलं. मशीनने ते कुरकुर न करता घेतलं, एवढंच नाही, जरा चपळाईनेच घेतलं. भागवतने ते घाईघाईने पुसलं.

पुन्हा 'कै. ग्यानबा'. पडदा थिजला. या वेळी पंखाही थांबला, आणि त्या शांततेत डब्यातून कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज आला...

"माय," माणिकराव हळूच म्हणाले, "ऐकलंस?"

"व्हय," आशाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू. "राग आला की असंच खाकरायचे. काहून छळून राहिले त्यायला? श्री लिवा."

भागवतने माणिकरावांकडे पाहिलं. माणिकरावांनी मान हलवली.

श्री. लिहिलं. मशीन लोण्यासारखं चाललं. भागवतने खोडी म्हणून आकडा परत एकशे चोवीसवर नेला, मग एकशे तेहेतीसवर. तरी हूं की चूं नाही. बटरपेपर निघाला, आणि आशाबाई कपाळ उघडं टाकून उन्हातून घरी गेल्या.

लग्नाला भागवतही गेला. अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि मांडवाच्या तोंडाशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. अंगभर धूळ, डोळे मात्र मिश्कील. एका क्षणात मांडवभर रडणं आणि हसणं एक झालं. नवरी पाटावरून उठून धावली. माणिकरावांनी तर बापाला लहान लेकरागत उचललंच.

आशाबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. "नऊ वरसं लागतात व्हय बैल बघायला?" त्या म्हणाल्या. "बसा आता. बुंदी संपून राहिली."

ग्यानबा बसले, चांगले पोटभर जेवले. मग त्यांनी बोटाच्या खुणेने भागवतला जवळ बोलावलं.

"पत्रिका तुमीच केली न्हवं? मिळाली बरं का. पर चुकलंय त्यात."

त्यांनी बंडीच्या खिशातून पत्रिका काढली. तीच वेलबुट्टी, तोच मुहूर्त, खाली भागवतच्या दुकानाचं नाव. आणि ग्यानबांच्या नावाआधी, ठळक, 'कै.' छापलेलं. हे अक्षर पडद्याच्या बाहेर कधी आलंच नव्हतं. कागद हाताला गरम लागत होता.

"ही... कुठं मिळाली?"

"एकच हाय व्हय," म्हातारा म्हणाला, आणि त्याने खिशातून पत्रिकांचा गठ्ठाच काढून भागवतच्या हातात ठेवला.

त्या दुपारी मशीन किती वेळा थिजलं होतं, ते भागवतला पक्कं आठवत होतं. म्हणून तर त्याने गठ्ठा मोजला नाही.