बन्सीसरांची लायब्ररी

रविवारी दुपारी डिझायनर विशाखा वाळूजच्या सर्किट बोर्डांच्या कारखान्यात गेली ती साफसफाई करायला. झाडूनं करायची असती तर तिनं एवढं तोंड वाकडं केलं नसतं. ही साफसफाई कॉम्प्युटरमधली होती.

सर्किट बोर्डाचं डिझाइन करायचं तर त्यावर बसणाऱ्या एकूण एक भागाचं चित्र आधी काढून ठेवावं लागतं. कुणाला किती पाय, कोणता पाय कुठं, भोकांत अंतर किती. या चित्रांच्या साठ्याला लायब्ररी म्हणतात. आपली मसाल्याची मांडणीच समजा. आता कुणी हळदीच्या डब्यात तिखट भरलं, दुसऱ्यानं तसाच डबा शेजारी आणून ठेवला, तर जेवणाऱ्याचं काय व्हायचं? इथं तेच झालं होतं, एकाच भागाची चार चित्रं. ‘रिले’, ‘रिले नवा’, ‘रिले नवा खरा’, ‘रिले शिवमचा, हात लावू नये’. जो तो आपली नक्कल काढून मोकळा. जुनं पुसायची छाती एकाची नाही.

कारण जुनं सगळं बन्सीसरांचं होतं. बन्सीसर म्हणजे कारखान्याचे पहिले डिझायनर. मागच्या उन्हाळ्यात खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. दहाव्याला देवगाव रंगारीला, त्यांच्या गावी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. बायको बोलून थकली, पोरगी बोलून थकली. शेवटी मालक तात्यासाहेब पुढं झाले, हात जोडून म्हणाले, "बन्सी, तुझ्या लायब्ररीला कुणी हात लावणार नाही." लगेच कावळा आला अन् घास घेऊन गेला.

शब्द देऊन मालक मोकळे, निस्तरायला विशाखा! ती त्यांना तोंडावर म्हणाली होती, "आमच्यात कावळा नसतो, तात्यासाहेब. अन् तुमच्या कावळ्याला सेन्सरचे पाय कळत नाहीत."

सगळा घोळ त्या सेन्सरचा. तीन पायांचा, वाटाण्याएवढा, ताप मोजणारा. सेन्सर बनवणाऱ्या कंपनीनं कागदावर तो पोटाकडून, म्हणजे खालून दाखवला होता अन् बन्सीसरांनी तो वरून बघितल्यासारखा काढला. डावा पाय उजवीकडं गेला. बोर्ड होते दवाखान्यातल्या पाळण्यांचे, अशक्त बाळांना ऊब देणाऱ्या. सेन्सर उलटा बसला की वाटेल ते बरळतो. बाळ भाजत असलं तरी गार आहे म्हणतो, अन् पाळणा तापतच राहतो.

"मी हातानं पाय पिळूनच बसविते की," जोडणीवरच्या मालनबाई म्हणाल्या होत्या. "समद्यांना ठावं हाय."

"या खेपेचा माल बाहेर मशीनवर बसणार, मावशी. मशीनला कोण सांगणार पिळून बसव म्हणून?"

विशाखानं चित्र सरळ केलं. दुसऱ्या दिवशी बघते तर उलटं. तिनं शिवमला धरून झाडलं. तो बिचारा दुसरा डिझायनर, रडकुंडीला आला. "आईच्यान ताई, मी नाय केलं." तिनं पासवर्ड बदलला. पुन्हा उलटं. म्हणून आज ती एकटी आली होती. दार आतून लावलं, नेटची वायर भिंतीतून उपटली अन् खुर्ची ओढून बसली.

वरचा पत्रा उन्हानं तडतडत होता. पंखा गरम वारा फिरवत होता. तिनं पाय सरळ केले, साठवले, पाणी प्यायला उठली. परत आली तर उलटे. पुन्हा सरळ केले, डोळे चोळले, तेवढ्यात उलटे. "मेल्याहो, माणसानं करावं तरी काय!" ती टेबलावर हात आपटून ओरडली. रिकाम्या कारखान्यात तो आवाज लांबपर्यंत गेला अन् उशिरा परत आला.

तिसऱ्यांदा तिनं पापणी हलवली नाही.

पडद्यावर डावा पाय हलला. सावकाश. झोपेत लेकरू कुशीवर वळावं तसा तो सेन्सर वळला. अन् मग वास आला, जळत्या राळेचा, सोल्डर करतानाचा. जोडणीची टेबलं तर कालपासून थंड होती. वास तिच्या मानेमागं येऊन थांबला...

"कोण... कोण आहे?"

तिच्या कानाशी कुणीतरी श्वास धरून ठेवला होता. पडद्याकडं बघताना बन्सीसर धरायचे, तसाच.

ती घाबरली, पण घाबरता घाबरताच तिला संताप आला.

"सर, तुम्ही चुकलात," ती मागं न बघता म्हणाली. "कागद उलटा वाचलात. चुकतं माणसाचं. पण मेल्यावर तरी हट्ट सोडा! तिथं लेकरं झोपणार आहेत, सर. मुठीएवढी लेकरं... भाजतील."

मानेमागचा श्वास सुटला. लांब, थंड. सेन्सर सरळ झाला अन् तसाच राहिला. विशाखा घरी गेली ती न थांबता.

माल बाहेरून बसून आला. सगळ्यांचे पाय सरळ. दवाखान्याचा टेम्पो फाटकात लागला. जाता जाता चाचणी म्हणून विशाखानं एक बोर्ड चालू केला अन् त्याच्या कडेचा सेन्सर चिमटीत धरला. बोर्डावरचा आकडा चढत चढत छत्तीसवर थांबला.

"बघा, तात्यासाहेब. हात लावला तर काय आभाळ कोसळलं?"

तिनं बोर्ड कलता करून सेन्सर टेबलाला टेकवला. आकडा उतरायला लागला. तीस. बावीस. पंधरा... टेबलाचा पत्रा तर हाताला चटका देत होता.

दुसरा बोर्ड लावला. तोच प्रकार. तिसराही उतरत उतरत चारवर आला अन् थांबला.

तात्यासाहेबांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. "बन्सीची पोरगी बेंगळुरूहून यायची होती म्हणून... त्याला रातभर बर्फाच्या पेटीत ठेवलं होतं. मी पेटीपाशीच बसलो होतो, विशाखा. पेटीवर हाच आकडा होता. हाच..."

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

"गाडी माघारी पाठवा."

"अगं, पण दवाखान्याला काय सांगू?"

"काहीबी सांगा! असल्या आकड्यावर पाळणा तापायचा थांबायचाच नाही. एक बोर्ड जायचा नाही इथून, सांगून ठेवते."

ते धडपडत फाटकाकडं गेले. विशाखानं दात आवळून सेन्सर मुठीत घेतला अन् घट्ट दाबला. आकडा चारवरून हलेना, जणू तो तिची मूठ मोजतच नव्हता. पण मुठीत, तिच्या बोटांच्या मधे, आणखी कुणाची तरी गार बोटं होती. अन् ती हळूहळू ऊबदार होत चालली होती.